बावन्न निघाले, अकरा परतले: आमुंडसेनच्या स्लेज-कुत्र्यांचं प्रकरण

२१ नोव्हेंबर १९११. दक्षिण अक्षांश ८५ अंश ३६ मिनिटं. आक्सेल हायबर्ग हिमनदीचा चढ चार दिवसांत पार करून पाच नॉर्वेजियन माणसं आणि त्यांचे कुत्रे ध्रुवीय पठारावर आले. सुमारे एक टन सामान कुत्र्यांनी समुद्रसपाटीच्या जवळून तीन हजार मीटरच्या वर ओढून आणलं होतं. ज्यांना हा चढ जमेल की नाही अशी शंका होती, त्यांनी तो हूं की चूं न करता चढला. त्याच संध्याकाळी त्यांच्यातल्या चोवीस जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

ज्यानं जे कुत्रे हाकले त्यानंच ते मारायचे, हे आधीच ठरलं होतं. मोहिमेचा नेता रोआल्ड आमुंडसेन तंबूत स्वयंपाकाला बसला होता. पहिली गोळी कधी सुटते याकडे त्याचे कान लागलेले होते, आणि बाहेरचे आवाज आत येऊ नयेत म्हणून त्यानं प्रायमसला नेहमीपेक्षा जोरात पंप मारला. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे ज्यांचं बालपण पितळी स्टोव्हच्या घरघरीत गेलं, त्यांना तो आवाज किती भरून राहतो हे वेगळं सांगायला नको. तरी गोळ्या ऐकू आल्याच. त्या मुक्कामाचं नाव पडलं ‘खाटकाचं दुकान’.

दक्षिण ध्रुवाची गोष्ट सांगताना हा प्रसंग सहसा दोन प्रकारे सांगितला जातो. एक तर ‘केवढी क्रूरता’ म्हणून, नाहीतर ‘काय करणार, नाइलाज होता’ म्हणून. मला दोन्ही पटत नाहीत. नाइलाज तेव्हा म्हणावा, जेव्हा दुसरा रस्ता अचानक बंद होतो. इथे अचानक काहीच झालं नव्हतं. अन्न संपलेलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, हवामानानं दगा दिलेला नव्हता. ते चोवीस कुत्रे ठरल्या दिवशी, जवळजवळ ठरल्या जागी मेले. निर्णय झाला होता निघण्याआधीच, कागदावर. तेव्हा प्रकरण तपासायचं तर पठारापासून नाही, त्या कागदापासून सुरू करायला हवं.

कागदावरचा कुत्रा

आमुंडसेनचा हिशोब सरळ होता. घोड्याला चारा लागतो आणि अंटार्क्टिकात गवताची काडी उगवत नाही. प्रत्येक पेंढी जहाजातून न्यावी लागते. कुत्रा मांस खातो, आणि मांस तिथं आहे: किनाऱ्यावर सील, पेंग्विन, आणि वेळ आली तर दुसरा कुत्रा. स्लेजवरचा भार रोज कमी होत जातो, म्हणजे ओढणारेही रोज कमी लागतात. जो कुत्रा आता ओढायला नको, त्याला नुसतं पोसत बसण्यापेक्षा त्याचंच अन्न केलं, तर तेवढं अन्न सुरुवातीपासून वाहून न्यायला नको. १९२७ साली आलेल्या आत्मचरित्रात त्यानं हे लपवाछपवी न करता मांडलं आहे. एका एस्किमो कुत्र्याच्या अंगावर सुमारे पन्नास पौंड खाण्याजोगं मांस धरून, कोणता कुत्रा नेमका केव्हा ओढण्यापेक्षा खाण्याच्या कामाचा होईल, याचं वेळापत्रक त्यानं निघण्याआधी केलं होतं. नेमके आकडे पक्के झाले चढाच्या पायथ्याशी: पठारावर चोवीस मारायचे, अठरांना घेऊन ध्रुवाकडे जायचं, त्यातले सहा वाटेत मारायचे, बारा परत आणायचे.

म्हणजे एकाच प्राण्याला तीन कामं: इंजिन, इंधन आणि इंधनाची टाकी. असा हिशोब करणारा आमुंडसेन पहिला नव्हता. फ्रिट्यॉफ नान्सेन आणि यालमार योहान्सेन हे नॉर्वेचेच शोधक मार्च १८९५ मध्ये ‘फ्राम’ जहाज सोडून अठ्ठावीस कुत्र्यांसह उत्तर ध्रुवाकडे निघाले होते. ८६ अंशांच्या पुढे जाऊन ते परत फिरले. वाटेत एकेक कुत्रा मारून उरलेल्यांना घातला. शेवटी मोकळं पाणी आलं, होड्या वल्हवायच्या वेळी दोनच कुत्रे उरले होते, नान्सेनचा कैफास आणि योहान्सेनचा सुगेन. त्यांना मारायला चाकू काढवेना. दोघांनी मौल्यवान दोन काडतुसं खर्च केली आणि एकमेकांचा कुत्रा बदलून घेतला, म्हणजे स्वतःचा स्वतःला मारायला नको. हाच योहान्सेन सोळा वर्षांनी आमुंडसेनच्या तुकडीत होता, आणि जहाजही तेच, ‘फ्राम’.

हाकण्याची विद्या मात्र आमुंडसेननं युरोपात शिकलेली नव्हती. १९०३ ते १९०५ या काळात ‘यॉआ’ हे त्याचं छोटं जहाज कॅनडाच्या उत्तरेला किंग विल्यम बेटावर दोन हिवाळे थांबलं होतं. तिथल्या नेत्सिलिक इनुइट लोकांकडून त्यानं कातड्याचे सैल कपडे कसे घालावेत, स्लेजच्या पट्ट्यांवर बर्फाचा थर कसा चढवावा, कुत्र्यांना किती ताण द्यावा आणि केव्हा थांबावं हे पाहिलं. त्या लोकांच्या जगण्यात कुत्रा कामाचा होता. लाडाचा नव्हता, पण टाकाऊही नव्हता. थकलेला कुत्रा मारणं तिथं घडत असे. पण ठरावीक मुक्कामाला ठरावीक संख्येनं कुत्रे मारण्याचं वेळापत्रक ही युरोपीय भर होती. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आमुंडसेननं इनुइटांचं तंत्र घेतलं आणि त्याला कारकुनाची वही जोडली.

जहाजावरचे पाच महिने

कुत्रे ग्रीनलंडहून आले. डॅनिश प्रशासनातले अधिकारी येन्स डाउगॉर्ड-येन्सेन यांच्या मदतीनं शंभर कुत्र्यांची मागणी नोंदवली गेली. ९ ऑगस्ट १९१० रोजी ‘फ्राम’ नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघालं तेव्हा त्यावर सत्त्याण्णव कुत्रे होते.

या कुत्र्यांनी एक गुपित जवळजवळ फोडलंच होतं. जगाला सांगितलेली योजना अशी होती की ‘फ्राम’ दक्षिण अमेरिकेला वळसा घालून पॅसिफिकमधून उत्तरेला जाणार आणि उत्तर ध्रुवीय समुद्रात बर्फाबरोबर वाहत जाणार. पण १९०९ साली कुक आणि पीअरी या दोघा अमेरिकन शोधकांनीही उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा केल्यावर आमुंडसेननं मनातल्या मनात दिशा उलटी केली होती. आता प्रश्न असा, की अलास्कामार्गेच जायचं असेल तर कुत्रे तिथं मिळतातच. मग शंभर कुत्रे विषुववृत्त ओलांडून अर्ध्या पृथ्वीला फिरवायचे कशासाठी? खलाशांत कुजबुज होती. उत्तर मिळालं सप्टेंबरात, मदेरा बेटावर, नेत्यानं सगळ्यांना डेकवर बोलावून नकाशा उलगडला तेव्हा. एकेकाला विचारलं, आणि सगळ्यांनी होकार दिला. कुत्र्यांना अर्थातच कुणी विचारलं नाही.

ग्रीनलंडचा कुत्रा उष्ण कटिबंधातून नेणं हे सोपं काम नव्हतं. त्याची दुहेरी लव उणे चाळीसासाठी घडलेली. मूळ डेकवर थोडी फट सोडून सुट्या फळ्यांचा दुसरा डेक घातला, म्हणजे लाटेचं आणि धुण्याचं पाणी खालून निघून जाईल आणि कुत्रे ओल्यात बसणार नाहीत. वर कापडी छत ताणलं. प्रत्येक माणसाच्या वाट्याला काही कुत्रे नेमून दिले; त्यांचं खाणं, पाणी, भांडणं, आजारपण त्यानंच बघायचं. सुरुवातीला तोंडाला मुसकी होती, पुढे सगळे मोकळे हिंडू लागले. अमुक एक भांडखोर आहे, तमुक आपल्या सोबत्याशिवाय जेवत नाही, एखाद्याची माणसाशी गट्टी जमली की तो दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही, अशा बारीकसारीक गोष्टी त्या मोहिमेच्या वर्णनात पानोपानी येतात. हिशोबाच्या वहीतल्या आकड्यांना नावं आणि स्वभाव मिळाले ते इथं.

हे मुद्दाम केलं होतं का? बहुधा हो. अनोळखी माणसासाठी कुत्रा जीव तोडून ओढत नाही, हे आमुंडसेनला ठाऊक होतं. जिव्हाळा हा कार्यक्षमतेचा भाग होता, आणि त्यासाठीच तो वाढू दिला गेला. पण खोटाही नव्हता. पुढे ज्यांनी बंदुका उचलल्या ती हीच माणसं.

वाटेत काही कुत्रे मेले, काही लाटेत वाहून गेले, काही पिल्लं जन्मली. १४ जानेवारी १९११ रोजी ‘फ्राम’ अंटार्क्टिकातल्या व्हेलच्या उपसागरात पोचलं तेव्हा कुत्रे सत्त्याण्णवचे एकशे सोळा झाले होते. त्या काळात समुद्रमार्गे जनावरं नेणाऱ्या मोहिमांचा अनुभव पाहता ही गोष्ट जवळजवळ अविश्वसनीय आहे.

तळ, साठे आणि एक फसलेली सुरुवात

‘फ्रामहाइम’ हा तळ समुद्रावर तरंगणाऱ्या रॉस आइस शेल्फच्या काठावर उभा राहिला. हिवाळ्याआधी ८०, ८१ आणि ८२ अंशांवर सुमारे तीन टनांचे साठे नेऊन ठेवले गेले. त्यात सीलचं मांस भरपूर होतं. या फेऱ्यांत काही कुत्रे अतिश्रमानं गेले. आमुंडसेनला त्याची खंत वाटली, पण ओढणाऱ्यांची क्षमता कितपत आहे हेही त्याला तिथंच कळलं.

मग सप्टेंबरातली घाई. ध्रुवाकडेच निघालेला ब्रिटिश प्रतिस्पर्धी स्कॉट आपल्या आधी पोचेल या धास्तीनं आमुंडसेन ८ सप्टेंबर १९११ लाच निघाला, आठ माणसं आणि ८६ कुत्रे घेऊन. वसंत अजून लागलेला नव्हता. तापमान उणे ५६ अंशांपर्यंत उतरलं, होकायंत्रांतलं द्रव गोठलं, कुत्र्यांचे पंजे सोलवटले. काही कुत्रे झोपले ते उठलेच नाहीत. ८० अंशांवरच्या साठ्यावर सामान टाकून सगळे माघारी फिरले, आणि परतताना शिस्त पार कोलमडली. ज्यांच्याकडे दमदार कुत्रे होते ते पुढे निघून गेले. त्यांत स्वतः नेताही होता. अशक्त कुत्र्यांची स्लेज घेऊन तुकडीतला प्रेस्त्रूड मागे राहिला, ना तंबू ना स्टोव्ह. योहान्सेननं त्याला सावरत मध्यरात्री तळावर आणलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर योहान्सेन सगळ्यांसमोर नेत्याला बोलला. त्याची शिक्षा अशी, की नान्सेननंतर बर्फावरचा सर्वांत अनुभवी असा हा माणूस ध्रुवाच्या तुकडीतून वगळला गेला. जानेवारी १९१३ मध्ये त्यानं ऑस्लोत स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या शहराचं नाव तेव्हा क्रिस्तियानिया होतं.

हा प्रसंग इथं घेण्याचं कारण असं, की आमुंडसेनची योजना घड्याळासारखी चालली हे चित्र पुरतं खरं नाही. जिथं त्यानं वहीतला हिशोब सोडून भीतीपोटी पाऊल टाकलं, तिथं पहिल्यांदा कुत्रे कोसळले आणि मागोमाग माणसं.

ध्रुव आणि परतीची वाट

खरी सुरुवात १९ ऑक्टोबरला झाली. पाच माणसं: आमुंडसेन, हेल्मर हॅनसेन, ऑस्कर विस्टिंग, स्वेर्रे हासेल आणि ओलाव ब्यालँड. चार स्लेज, बावन्न कुत्रे. सपाट बर्फावर कुत्रे इतके सुसाट होते, की माणसं दोरी धरून स्कीवर नुसती ओढली जात होती. रोज ठरावीक अंतर कापलं की मुक्काम. हातात दिवसाचे कितीतरी तास शिल्लक असले तरी पुढे जायचं नाही. कुत्र्यांची विश्रांती हा या योजनेतला सर्वांत कमी बोलला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत हुशारीचा भाग. वाटेत काही कुत्रे मारले गेले, काही पट्ट्यातून सुटून पळाले.

‘खाटकाच्या दुकानात’ दोन दिवस थांबायचं होतं, वादळानं चार काढायला लावले. सुरुवातीला उरलेल्या कुत्र्यांतल्या काहींनी सोबत्यांच्या मांसाला तोंड लावलं नाही. भूक आणि थंडी वाढत गेली तशी तीही आडकाठी गेली. माणसांचंही तसंच. पहिल्या संध्याकाळी तंबूत कुणाला बोलावंसं वाटत नव्हतं. पुढे विस्टिंगनं केलेल्या कटलेटांची आमुंडसेननं तोंडभरून तारीफ केली आहे. ताज्या मांसाचा दुसरा फायदा स्कर्व्हीपासून बचाव. व्हिटॅमिन सीचा शोध अजून लागायचा होता, पण ताजं, कमी शिजवलेलं मांस खाणाऱ्यांना हा रोग होत नाही, हे उत्तरेकडच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

चौथी स्लेज तिथंच सोडून तीन स्लेज आणि अठरा कुत्रे पुढे गेले. १४ डिसेंबरला ध्रुव. तिथं हॅनसेनचा हेल्गे हा कुत्रा कोसळला. मोहिमेतला सर्वांत भरवशाचा ओढणारा, कधी त्रास नाही, कधी कुरकुर नाही. हॅनसेननं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग कुऱ्हाडीचा एक घाव. काही तासांत दात आणि शेपटीचा झुबका एवढंच शिल्लक राहिलं. पाच दिवसांनी आमुंडसेनचा स्वतःचा लाडका लासे. त्याचे शक्य तितके सारखे पंधरा वाटे केले, कारण मागे राहिलेले कुत्रे पंधरा होते.

२५ जानेवारी १९१२ च्या पहाटे पाच माणसं, दोन स्लेज आणि अकरा कुत्रे तळावर परतले. नव्व्याण्णव दिवस, सुमारे तीन हजार किलोमीटर. कागदावर बारा परतायचे होते.

दुसरी वही

या प्रकरणाची तुलना रॉबर्ट स्कॉटच्या ब्रिटिश मोहिमेशी केल्याशिवाय न्याय होत नाही, कारण दोन्ही मोहिमा त्याच वर्षी, त्याच आइस शेल्फच्या दोन टोकांवरून निघाल्या. स्कॉटला कुत्र्यांबद्दल प्रेम होतं आणि त्यांच्यावर विश्वास नव्हता. माणसानं स्वतःच्या बळावर स्लेज ओढण्यात जी उदात्तता आहे, ती कुत्र्यांच्या जोरावर केलेल्या प्रवासात नाही, असं त्यानं आधीच्या मोहिमेनंतर लिहिलं होतं. तेव्हा त्याच्याकडे सगळं थोडं थोडं होतं: तीन मोटार-स्लेज (त्यातली एक उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली), एकोणीस मंचुरियन घोडे, तेहेतीस कुत्रे, आणि शेवटी माणसांचे खांदे.

घोडे शेवटी मारायचेच, हे स्कॉटच्या योजनेतही होतं. ध्रुवाच्या वाटेवर निघालेले दहाही घोडे मारले गेले. शेवटचे पाच ९ डिसेंबर १९११ ला, बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी. त्या मुक्कामालाही ब्रिटिशांनी कत्तलखान्याचंच नाव दिलं. म्हणजे प्राणी दोन्हीकडे मेले. पण कुठे दया करायची आणि कुठे नाही, याचा निर्णय एकानं टेबलावर घेतला, दुसऱ्यानं वादळात.

फेब्रुवारी १९११ मध्ये स्कॉट ‘वन टन’ नावाचा मोठा साठा ८० अंशांवर ठेवायला चालला होता. घोडे थकले, लडखडू लागले. घोड्यांची जबाबदारी असलेल्या कॅप्टन ओट्सनं सल्ला दिला: पुढे चला, जो घोडा कोसळेल तो मारून त्याचं मांस तिथंच ठेवा. जनावरांचे हाल आता पुरे झाले, या भावनेनं स्कॉटनं नकार दिला आणि साठा ७९ अंश २९ मिनिटांवरच उतरवला, ठरल्या जागेच्या सुमारे ५७ किलोमीटर अलीकडे. वाचवलेल्या घोड्यांचं काय झालं? साठे ठेवायला गेलेल्या आठांपैकी दोनच तळावर जिवंत परतले. काही थकव्यानं मेले, काही समुद्रावरचा बर्फ फुटून अडकले. आणि वर्षभरानं, मार्च १९१२ मध्ये, ध्रुवावरून परतणाऱ्या स्कॉट आणि त्याचे सोबती विल्सन आणि बॉवर्स यांचा शेवटचा तंबू उभा राहिला ‘वन टन’च्या साधारण २० किलोमीटर दक्षिणेला. साठा ठरल्या जागी असता तर तो त्यांना आधीच लागला असता. ओट्स तोवर तंबूतून बाहेर पडून वादळात गेलेला होता.

त्या मार्चमध्ये ‘वन टन’पाशी कुत्रेही होते. अ‍ॅप्स्ली चेरी-गॅरार्ड आणि कुत्रे हाकणारा रशियन तरुण दिमित्री ४ मार्चला तिथं पोचले आणि १० मार्चपर्यंत थांबले. वादळ होतं, दिमित्री आजारी होता, आणि साठ्यात कुत्र्यांचं खाणं नव्हतं. पुढे जायचं तर काही कुत्रे मारून बाकीच्यांना घालावे लागले असते. पण कुत्रे पुढच्या हंगामासाठी लागणार आहेत, त्यांना धोक्यात घालू नका, असा निरोप स्कॉटकडूनच आलेला होता. चेरी-गॅरार्डनं आदेश पाळला. तो नंतर आयुष्यभर त्या सहा दिवसांचा विचार करत राहिला. मला त्याला दोष द्यावासा वाटत नाही. दोष असलाच तर वेळ येईपर्यंत हिशोब टाळत राहणाऱ्या योजनेचा आहे.

म्हणून ‘आमुंडसेन निर्दय, स्कॉट कनवाळू’ हे गणित मला चुकीचं वाटतं. पण ‘आमुंडसेन बरोबर होता’ इथवर मी जात नाही. परतीच्या वाटेवर त्याच्याकडे अन्नाची इतकी रेलचेल होती, की साठ्यांजवळ आल्यावर कुत्र्यांना दुप्पट वाटे मिळत होते, माणसांची वजनं वाढली होती. एवढी शिल्लक उरते, याचा एक अर्थ असा की हिशोबात सुरक्षिततेची जागा मोठी ठेवली होती, आणि ती शहाणपणाचीच होती. दुसरा अर्थ असा की एकदा चोवीसचा आकडा लिहिला गेल्यावर, हिमनदी अपेक्षेपेक्षा लवकर सर झाली, कुत्रे धडधाकट निघाले, तरी तो आकडा पुन्हा उघडून पाहण्याची सोय योजनेत नव्हती. वीस चालले असते का? अठरा? हा प्रश्न विचारायला त्या पठारावर वेळही होता, वादळात बसलेले चार दिवस. पण तोपर्यंत गोळ्या झाडून झाल्या होत्या.

उरलेल्यांचं काय झालं

‘फ्राम’ ७ मार्च १९१२ रोजी टास्मानियातल्या होबार्टला लागलं तेव्हा त्यावर एकोणचाळीस कुत्रे होते. बरेचसे अंटार्क्टिकातच जन्मून मोठे झालेले, अकरा ध्रुव पाहून आलेले. त्यातले एकवीस आमुंडसेननं डग्लस मॉसनच्या ऑस्ट्रेलियन मोहिमेला देऊन टाकले. विस्टिंगचा ‘कर्नल’ नावाचा दांडगा कुत्रा मात्र नॉर्वेला गेला.

मॉसनच्या मोहिमेतली पुढची घटना वेगळा लेख मागते. इथं दोन वाक्यं पुरेत. डिसेंबर १९१२ मध्ये निनिस हा अधिकारी सहा उत्तम कुत्रे आणि बहुतेक सगळं अन्न असलेल्या स्लेजसह बर्फाच्या भेगेत नाहीसा झाला, मॉसन आणि त्याचा दुसरा सोबती मेर्ट्झ उरलेले सहा कुत्रे एकेक करून खात परतले, मेर्ट्झ ८ जानेवारी १९१३ ला मेला, आणि कुत्र्यांच्या यकृतातल्या अति ‘अ’ जीवनसत्त्वानं त्याला विषबाधा झाली असावी असं १९६९ साली संशोधकांनी सुचवलं (हे सगळ्यांना मान्य नाही, नुसती उपासमारही कारण असू शकते). आमुंडसेनच्या वहीत मांस होतं, विषाचा रकाना कुणाच्याच वहीत नव्हता.

लंडनमध्ये आमुंडसेनचं स्वागत जरा कडवटच झालं. १९१२च्या नोव्हेंबरात रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या मेजवानीत अध्यक्ष लॉर्ड कर्झन यांनी शेवटी कुत्र्यांसाठी तीनदा जयघोष करा असं म्हटलं, असं आमुंडसेननं पुढे लिहिलं. त्याला तो टोमणा वाटला. सोसायटीनं असं घडल्याचं नाकारलं, माफी आली नाही, आणि आमुंडसेननं सोसायटीचं सन्माननीय सदस्यत्व सोडलं. हेच ते कर्झन, ज्यांनी १९०५ साली बंगालची फाळणी केली होती. टोमणा खरा असो वा नसो, त्यातलं विधान अगदी बरोबर होतं आणि आमुंडसेननं ते स्वतः अनेकदा केलं होतं.

अंटार्क्टिकात कुत्रे त्यानंतरही ऐंशीएक वर्षं राहिले. यांत्रिक स्नो-स्कूटर आल्यावर १९७०च्या दशकात ब्रिटिश तळांवरच्या अनेक कुत्र्यांना गोळ्या घातल्या गेल्या, थोडे हौसेपुरते ठेवले. १९९१च्या माद्रिद करारानं कायमचा पडदा टाकला: १ एप्रिल १९९४ पर्यंत सगळे कुत्रे खंडाबाहेर न्यायचे, नवे आणायचे नाहीत. कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग सीलना होईल ही भीती त्यामागे होती. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, तेव्हा बर्फावरची गाडी आणि हेलिकॉप्टर यांचाच जमाना होता. कराराचा सदस्य म्हणून ही बंदी आता भारतालाही लागू आहे.

शेवटचे ब्रिटिश कुत्रे फेब्रुवारी १९९४ मध्ये रोथेरा तळावरून निघाले आणि कॅनडातल्या इनुक्युआक या इनुइट वस्तीत पोचवले गेले. पिढ्यान्‌पिढ्या रोगमुक्त खंडात वाढलेल्या या कुत्र्यांकडे तिथल्या आजारांविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती, आणि त्यातले बरेच लवकरच दगावले. ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर मात्र डेन्मार्कचं ‘सिरियस’ गस्तीपथक अजूनही कुत्र्यांच्या स्लेजवरच फिरतं; बिघाड झाला तर दुरुस्तीला कुणी येणार नाही अशा प्रदेशात त्यांना यंत्रापेक्षा कुत्रा भरवशाचा वाटतो.